व्याधाचं दुकान आणि नळीतला रॅकून



आजचं वाचन: महाभारत, वनपर्व. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कौशिक आणि धर्मव्याधाची गोष्ट सांगतात, तो भाग.

बहुतेकांना गोष्ट माहीत असेल, नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसलेला असताना वरून एक बगळी त्याच्या अंगावर घाण करते. तो रागाने वर बघतो आणि बगळी मरून खाली पडते. त्याला वाईट वाटतं, पण आपल्या नजरेत ताकद आहे हेही त्याला कळतं. पुढे तो भिक्षेला जातो, तिथली गृहिणी नवऱ्याला वाढण्यात गुंतल्यामुळे याला ताटकळत ठेवते. हा चिडतो. ती शांतपणे सांगते की मी काही ती बगळी नाही, आणि धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे. कौशिक मिथिलेला पोचतो, तर हा व्याध खाटीकखान्यात बसून मांस विकतोय.

इथवर सगळे सांगतात. त्यानंतर व्हॉट्सॲपवर याचं एक पोस्टर होतं: आपलं काम निष्ठेने करा, काम हीच पूजा. मीही पाच-सहा वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर जवळपास तसंच लिहिलं होतं. ते पोस्ट अजून आहे, काढलेलं नाही, पण आज मला ते पटत नाही. त्याला कारण एक माणूस आणि एक रॅकून.

२०१८ साली मी मिनेसोटात होतो, कंपनीच्या कामावर. आमच्या टीममध्ये तिथलाच एक जण होता, माझ्याच वयाचा, डेटाबेसचा पक्का माणूस. ऑक्टोबरमध्ये एक दिवस जेवताना तो म्हणाला, या हिवाळ्यात मी ट्रॅपिंग सुरू करतोय. मला वाटलं नेटवर्कचं काहीतरी असेल. तर ट्रॅपिंग म्हणजे सापळे लावून मस्करॅट, मिंक, रॅकून धरायचे, त्यांची कातडी काढून वाळवायची आणि फर विकायची. त्याच्या आजोबांचे सापळे गॅरेजमध्ये गंजत पडले होते. बारा वर्षांची लेक मागे लागली होती.

मी पुण्याचा, घरी चौथ्या पिढीपर्यंत वारी. माझ्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते त्याने ओळखलं आणि विषय बदलला. पण माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. मी विचारत गेलो, तो सांगत गेला.

सुरुवात लायसन्सपासून. मिनेसोटात १९८९ नंतर जन्मलेल्याने आधी कधी ट्रॅपिंगचं लायसन्स घेतलेलं नसेल तर त्याला त्याचा कोर्स करावा लागतो. लेकीने तो केला, त्याचं पुस्तक तिने मला दाखवलं, आमच्या लर्निंग लायसन्सच्या पुस्तकापेक्षा बरंच जाड होतं. मग जागा. पाणथळ कुणाच्या शेतात असेल तर त्या शेतकऱ्याची परवानगी. मग सापळे. पाण्यात मस्करॅटसाठी चौकोनी तारेचा सापळा असतो, त्याच्या बिळाच्या तोंडाशी लावतात. प्राणी त्यातून पोहत गेला की तो मानेवर मिटतो. रॅकूनसाठी एक उभी नळी जमिनीत रोवतात, तळाशी गोडसर आमिष. रॅकून हात घालून आतली कळ ओढतो आणि हात अडकतो. कुत्र्याला पंजाने अशी ओढ घेता येत नाही, म्हणून कुत्री सहसा त्यात सापडत नाहीत.

पाण्यावर पातळ बर्फ धरला की मस्करॅटच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रांग खालून चिकटलेली दिसते. तो ती रांग दाखवायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. त्या एका पाणथळीत कुठे काय खातं, कुठे झोपतं, कुठून जातं, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं मला माझ्या सोसायटीच्या बागेतलं ठाऊक नाही.

कातडं काढल्यावरचं काम तर निव्वळ कष्टाचं. मस्करॅटचं कातडं पिशवीसारखं अखंड उतरवतात, चरबी खरवडतात, केस आत आणि कातडी बाहेर असं तारेच्या चौकटीवर ताणून थंड हवेशीर जागी वाळवतात. चरबी राहिली तर कातडं खराब होतं, शेगडीजवळ ठेवलं तरी खराब होतं. बीव्हरचं मात्र पोटाकडून उघडून फळीवर गोल ताणतात. मग गावातला खरेदीदार येतो, नाहीतर माल लिलावाला जातो. मस्करॅटला मिळतात काही डॉलर. २०१३ च्या आसपास भाव चांगले होते, चीन आणि रशियाची मागणी पडली तसे तेही पडले. टोरांटोचं मोठं लिलावघर तर पुढे २०१९ मध्ये कर्जाच्या अडचणीत सापडून बसलं. थोडक्यात, पेट्रोलचा खर्चसुद्धा निघत नव्हता. हे त्याने मला स्वतः एक्सेलमध्ये दाखवलं, हसत हसत.

आणि हा त्या मुलखाचा जुना धंदा. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली ती याच फरसाठी. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांचा नमदा चांगला होतो, त्याच्या टोप्या युरोपात खपायच्या. नद्यानद्यांतून बीव्हर संपत गेले. पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि उरलेल्या बीव्हरांचा जीव वाचला. (रेशमामुळे जीव वाचला, हे वाक्य लिहिताना मला आईच्या पैठण्या आठवल्या आणि उकळत्या पाण्यात टाकलेले कोशही. असो.)

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने माझ्याकडे एक मदत मागितली. रॅकूनच्या नळीला लावायला छोटा सेन्सर. कळ ओढली गेली की फोनवर मेसेज. हार्डवेअर तो आणणार होता, कोड मी लिहायचा. दोन संध्याकाळींचं काम. नियमाप्रमाणे असे सापळे रोज तपासायलाच लागतात, पण रोज म्हणजे रात्री नऊला अडकलेला प्राणी सकाळी सहापर्यंत तिथेच. मेसेज आला तर मी तासाभरात पोचेन, तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. अगदी नम्रपणे. माझ्या धर्मात हिंसेला मदत करणं बसत नाही, असं काहीतरी इंग्रजीत बोललो. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे प्रकार सांगितलेत ना: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, करवून घेतलेली, आणि नुसती मान डोलावून मान्य केलेली. मी तिसऱ्यातही यायला तयार नव्हतो. मला माझा अभिमानच वाटला त्या दिवशी. घरी फोन करून आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बरं केलंस रे."

तो रागावला नाही. फक्त थोडं थांबून म्हणाला, "आणि आपण दोघं दिवसभर जे करतो ते?"

आता आम्ही काय करत होतो? आमचा क्लायंट होता एक मोठी खाद्यपदार्थ कंपनी. आमचं सॉफ्टवेअर पुढच्या आठवड्यात कुठल्या दुकानात किती चिकन लागेल याचा अंदाज बांधायचं. मी त्यात 'युनिट' हा शब्द हजारदा टाईप केला असेल. युनिट म्हणजे काय हा प्रश्न मला अकरा महिन्यांत एकदाही पडला नव्हता. त्याला पडला होता. त्याने सापळे लावायचं ठरवलं त्यामागे हेही एक कारण होतं, असं तो नंतर एकदा म्हणाला, निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावं म्हणून. ते मला पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. पण उत्तर देता आलं नाही हे खरं.

आता व्याधाकडे येऊ, कारण पोस्टरवाले जे गाळतात ते इथे आहे.

व्याध कौशिकाला काय सांगतो? मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्या रानडुकरांचं, म्हशींचं मांस विकतो. मी स्वतः मांस खात नाही. हा धंदा माझ्या कुळात आला. आणि मग तो यादी सुरू करतो: नांगर चालतो तेव्हा जमिनीतले जीव मरतात, धान्याचा दाणाही जीवच आहे, चालताना पायाखाली मरतात, पाण्यात, हवेत जीव भरलेत. हिंसा न करणारा कोण आहे ते दाखव.

पहिल्यांदा वाचलं की हा वकिली युक्तिवाद वाटतो. सगळेच करतात, मग मी केलं तर काय बिघडलं? ऑफिसमध्ये आपण हाच युक्तिवाद रोज ऐकतो. पण व्याध तिथे थांबत नाही. तो आपल्या कामाला घोर म्हणतो, स्पष्ट म्हणतो. दोष आहे आणि तो माझ्यावर आहे, पूर्वीच्या कर्माचं फळ म्हणून मी तो वाहतोय. गेल्या जन्मी शिकारीत त्याच्या बाणाने एक ऋषी जखमी झाला, त्याचा शाप. म्हणजे व्याध कामाला धुऊन पांढरं करत नाही. काम हीच पूजा, हे वाक्य त्याच्या तोंडी मला तरी कुठे सापडलं नाही. तो यादी वाचतो ती स्वतःला सोडवायला नाही, कौशिकाला त्यात ओढायला. बगळी मारून आलेल्या माणसाला.

मला ऑफिसच्या कँटीनमध्ये तसंच ओढलं गेलं होतं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. व्याधाला धंदा जन्माने मिळाला. माझ्या मित्राने तो निवडला, तोही छंद म्हणून, पोटासाठी नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की सहज आलेलं काम सदोष असलं तरी टाकू नये, कारण धुराने अग्नी वेढलेला असावा तसे सगळे आरंभ दोषाने वेढलेले असतात. मी हा श्लोक कैकदा वाचलाय, पण 'आरंभ' या शब्दावर त्या हिवाळ्यात पहिल्यांदा अडखळलो. सगळे आरंभ. म्हणजे निवडलेलेही? की सहज आलेल्या कामाला दिलेली सूट निवडलेल्या कामाला लागू होत नाही? मला वाटतं, धूर दोन्हीकडे आहे असं श्लोक सांगतो. पण ज्याला न पेटवताही चाललं असतं त्याने अग्नी का पेटवावा, याचं उत्तर त्यात शोधू नये. ते पेटवणाऱ्याने द्यायचं.

आणि जन्माने मिळालेलं काम हा शब्दप्रयोग आपण महाराष्ट्रात बसून जपूनच वापरावा. आपले फासेपारधी म्हणजे व्याधच. नावातच फास. त्यांच्या काही समाजांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का लोकांच्या डोक्यातून अजून गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, योग्यच झालं, पण फास काढून घेतल्यावर हातात काय दिलं? त्यांना धर्मव्याधाची गोष्ट सांगून कुणी म्हणू नये की बघा, जन्माचं काम किती थोर. व्याधाला धर्म कळला होता तो त्या कामामुळे नाही.

मग तो दिवस. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा, पहाटे पाचला फोन. आदल्या संध्याकाळी बर्फावर घसरून त्याचा घोटा मुरगळला होता. बायको गावाला गेलेली. लेकीला अंधारात बर्फावर एकटं पाठवायचं नाही. आणि सापळे तपासायलाच हवेत, आजच. "तुला आवडणार नाही माहितीये, पण दहा मिनिटांवर तूच राहतोस."

मी दोन मिनिटं पलंगावर बसून होतो. नाही म्हणायला सगळी कारणं तयार होती, काही दिवसांपूर्वीचीच. पण नाही म्हटलं तर काय होणार होतं? सापळे उघडणार नव्हते. काही अडकलं असेल तर ते आणखी काही तास तिथेच राहणार होतं. माझी अहिंसा त्या प्राण्याच्या काहीच उपयोगाची नव्हती. ती फक्त माझ्या कामाची होती.

गेलो. उणे आठ-नऊ असेल. मी टॉर्च धरला आणि त्याला खांदा दिला, लेक बादली घेऊन मागे. पाण्यातल्या सापळ्यांत चार मस्करॅट, मेलेले, केस ओले, चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्या की चौथ्या नळीपाशी रॅकून होता. जिवंत. हात नळीत, बाकीचं अंग शक्य तितकं गोळा करून बसलेला. आजूबाजूचं बर्फ पार तुडवून काळं झालं होतं. त्यावरून कळत होतं की बराच वेळ झालाय. उजेड पडला तसं त्याने माझ्याकडे बघितलं. बाकी काही केलं नाही.

मित्राने लेकीला लांब उभं राहायला सांगितलं, ती राहिली नाही. त्याने बावीसची रायफल घेतली. मी विठ्ठल विठ्ठल म्हणत होतो. कुणासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. एका क्षणात झालं. मग त्या मुलीने हातमोजा काढून त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग नळी उघडली.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: ते तुडवलेलं बर्फ. दोन संध्याकाळींचा कोड लिहिला असता तर ते इतकं तुडवलं गेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे, लिहायला हवा होतास. तितकं सरळ नाही. कॅनडात फ्रँक कोनिबेअर नावाचा ट्रॅपर होता. कित्येक वर्षं त्याने पाय धरणारे सापळे वापरले, त्यातले हाल बघितले, आणि मग डोकं लढवून तो चौकोनी, झटकन मारणारा सापळा बनवला. दयेपोटी बनवला, याबद्दल मला शंका नाही. तोच आज जगभर वापरतात, त्याच्याच नावाने ओळखतात. त्या सापळ्याने असंख्य प्राण्यांचे तासन्‌तासचे हाल वाचवले. आणि मारणं सोपंही केलं, मारणाऱ्याच्या मनाला हलकंही केलं. दया आणि अनुमोदन एकाच तारेत वळलेलं. मी सेन्सर बनवला असता तर त्या रॅकूनची रात्र वाचली असती. पुढच्या वर्षी मित्राने चारच्या जागी दहा नळ्या लावल्या असत्या, कारण आता लक्ष ठेवणं सोपं. हा अंदाज आहे माझा, पण अंदाज बांधणं हेच माझं काम होतं.

बाहेरून बघणाऱ्यालाही हे सोपं नाही. १९०५ मध्ये मस्करॅट फरसाठी प्रागजवळ आणून सोडले, ते युरोपभर पसरले, आणि आज नेदरलँड्समध्ये ते बांध पोखरतात म्हणून सरकारी पगारावर माणसं सापळे लावतात. तिथली फर न घालणारी माणसंही त्या बांधामागेच झोपतात. दुसरीकडे कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नव्या फरची विक्रीच बंद केली. दोन्ही बातम्या मी एकाच दिवशी वाचल्या होत्या, दोन्ही मला बरोबर वाटल्या.

आणि आपल्या घरात? सहाव्या अध्यायात योग्याचं आसन सांगितलंय, त्यात मृगाजिन आहे. माझ्या मुंजीत गळ्यात अजिनाची छोटी पट्टी होती, आईने ती कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलीय. दिंडीत ज्या मृदंगावर आपण नाचतो त्याला कातडं असतं. कुणी काढलं, कुठे वाळवलं, चरबी कुणी खरवडली, आपण विचारत नाही. मृदंग फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. मी वाजवतो, वाजवणार. पण त्या कातड्यामागचा माणूस आपल्या देवळात किती आत येऊ शकला, हे विचारलं की मान खाली जाते. कौशिकाला निदान त्या दुकानापर्यंत चालत जावं लागलं होतं.

चिकनच्या प्रोजेक्टवरून मी बदली मागितली का? मागितली. लगेच नाही. तेव्हा व्हिसाची भानगड होती, घराचे हप्ते होते. पुढे आणखी चौदा महिने तेच काम केलं. 'युनिट' लिहिताना बोट अडखळायचं, मग तेही थांबलं. हे लिहायला लाज वाटते, पण लपवून व्याधाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या आठवड्यात मित्राचा मेसेज आला. लेक आता कॉलेजात आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकते. सेन्सर तिनेच बनवलाय, चालतोही, फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि मेसेज कधी कधी उशिरा येतो. कोड पाठवलाय, वेळ झाला तर बघशील का, असं विचारलंय. खाली तिने स्वतः एक ओळ लिहिलीय की नाही म्हटलंस तरी चालेल.

मी फाईल उघडून बघितली. चूक कुठे आहे ते मला दहा मिनिटांत दिसलं. उत्तर लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही. तिकडे पुढच्या शनिवारी सीझन सुरू होतोय.

उद्याचं वाचन: याच कथेचा पुढचा भाग. व्याध दुकान आवरून कौशिकाला आपल्या घरी नेतो आणि आईवडिलांची भेट घालून देतो.

राम कृष्ण हरी.